मामा, तुमची पिवळी सुई

मामा, तुमच्या दहाव्याचा मांडव अजून निघाला नव्हता, तेवढ्यात तुमची बॅग मागायला माणसं आली. मोटारसायकलच्या टाकीवर ठेवून तुम्ही चांदवडच्या अर्ध्या तालुक्यात फिरवलीत ती काळी बॅग. मामी आत भिंतीला टेकून बसल्या होत्या, त्यांच्या डोळ्यांचं पाणी खळलं नव्हतं, आणि ओसरीवर कारभारी आबा मला विचारत होते, "वैशे, त्या बॅगंत पिवळीच्या बाटल्या आसतील. तू गुरांची सरकारी डॉक्टर, तुला काय कमी? आमच्याकं दे. गोठ्यात लागत्यात." त्यांच्या मागे आणखी दोघं-तिघं टोप्या हातात घेऊन उभे होते. लाजलं कुणीच नाही. वारलेल्या माणसाचं धोतर मागायला लाज वाटते, त्याची सुई मागायला वाटत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

मी बॅग दिली नाही. उचलली आणि माझ्या गाडीच्या डिकीत ठेवून वर कुलूप घातलं. गावाला वाटलं, भाचीने वापरायला नेली. वाटू दे.

मला तुमचा राग आलाय मामा. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलायचं असतं, ते मांडवातल्या माईकवर सगळ्यांनी बोलून झालंय. आपल्याकडे दहाव्याला पुढाऱ्यांची भाषणं असतात, आणि तुमच्या दहाव्याला तर रांग लागली होती. गाव तुम्हाला डॉक्टर म्हणायचं. तुमचा हुद्दा पशुधन पर्यवेक्षकाचा होता, तुम्ही पदवी घेतलेली नव्हती, हे कुणाच्या लक्षातही नव्हतं. प्रत्येकाने माईक हातात घेऊन एकच वाक्य आपापल्या आवाजात म्हटलं, "डॉक्टरांच्या हाताला गुण होता." ज्यांनी तुम्हाला कधी गोठ्यात पाहिलं नाही त्यांनीसुद्धा म्हटलं. मी बायकांच्या बाजूला सतरंजीवर बसून दात आवळून ऐकत होते. मला उठून सांगावंसं वाटत होतं की गुण हाताला नव्हता, गुण त्या पिवळ्या औषधाला होता. आणि तो आपण सगळ्यांनी मिळून घालवलाय.

कारण कशाकशाला नाही वापरलं ते औषध? गाईला ताप आला, पिवळी. खुरात जखम झाली, पिवळी. व्यायल्यावर वार अडकली, पिवळी. चारा खायचा सोडला, पिवळी. शेळी खोकली तर पिवळी आणि कालवड नुसती उदास दिसली तरी पिवळी. चांदवडच्या मेडिकलमध्ये कधी पिवळी संपलेली असली की तुम्ही काउंटरवर कोपर टेकून विचारायचात, "आता कुठली उरलीय? दे ती." मी कॉलेजच्या सुट्टीत तुमच्या मागे बसून फिरायचे तेव्हापासून हे वाक्य ऐकलंय. जी उरली असेल ती चालायची तुम्हाला. फक्त ती ब्रॉड स्पेक्ट्रम पाहिजे. तो शब्द तुम्ही फार प्रेमाने उच्चारायचात. "ब्रॉड हाये पोरी. एका सुईत धा रोग."

तर मामा, आता तुम्ही मध्ये तोडू शकत नाही, म्हणून एकदा पूर्ण सांगते. ती पिवळी म्हणजे ऑक्सिटेट्रासायक्लिन. तुम्हाला वाटायचं ती जंतूंना मारते. ती मारत नाही. जंतूला वाढायला प्रथिनं लागतात, आणि ती तयार करायचं एक यंत्र त्याच्या शरीरात असतं. हे औषध जाऊन त्या यंत्रात खुंटी मारल्यासारखं बसतं. यंत्र अडतं, जंतूची वाढ थांबते. बस, एवढंच. पुढचं मारायचं काम गाईच्या स्वतःच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी करतात. म्हणजे औषध फक्त वेळ मिळवून देतं, लढायचं गाईनेच असतं. आणि ब्रॉड म्हणजे काय, तर अशी यंत्रं असलेल्या नाना जातींच्या जंतूंवर ते चालतं. फुफ्फुसातल्या, गर्भाशयातल्या, खुरातल्या, गोचिडांनी रक्तात सोडलेल्या. फार मोठं औषध आहे ते. मी त्याला नावं ठेवत नाही. घटसर्पाने घसा धरलेली म्हैस त्याने वाचताना मी पाहिली आहे, तुमच्याच हातून.

पण ब्रॉड म्हणजे ते कोण चांगला, कोण वाईट हे विचारत नाही. एका चोरासाठी अख्ख्या गल्लीची लाईट घालवण्यातला तो प्रकार आहे. गाईच्या पोटात चारा पचवणारे जंतू असतात, त्यांचंही यंत्र अडतं. म्हणूनच तुम्ही कधी त्याची पावडर तोंडातून दिलीत की पुढे गाय रवंथ करेनाशी व्हायची, आणि मग तुम्ही पाचक द्यायचात. आधी गोठा पेटवायचा, मग पाणी घेऊन धावायचं.

आणि तिवा. तिव्यावरून आपण जेवढं भांडलो तेवढं कशावरूनच भांडलो नाही. पावसाळ्यात चिलटं वाढली की गाईला एकदम भडकून ताप येतो, पाय आखडतात, लाळ गळते, गाय बसते ती उठत नाही. हा विषाणूचा आजार. विषाणूकडे स्वतःचं यंत्रच नसतं, तो गाईच्या पेशीतलं यंत्र चोरून वापरतो. मग पिवळीने खुंटी मारायची कुठे? तिवा बहुतेक गाईंमध्ये तीन दिवसांत आपला आपण उतरतो, त्याचं नावच ते सांगतं. तुम्ही पहिल्या दिवशी जाऊन पिवळी टोचायचात. तिसऱ्या दिवशी गाय उठायची. गाव म्हणायचं, डॉक्टरच्या हाताला गुण आहे.

मला सगळ्यात जास्त संताप कशाचा आहे सांगू? तुम्हाला हे माहीत होतं. तुम्ही गोठ्यात शिरायचात, गाईच्या डाव्या कुशीत मूठ दाबून धरायचात, कानाचं मूळ चाचपायचात, तिला चार पावलं चालायला लावायचात आणि हळूच मला म्हणायचात, "तिवा दिसतोय." अडाण्याने टोचली असती तर मी समजले असते. तुम्ही तिवा ओळखायचात आणि त्याच हाताने बाटलीचं बूच पुसायला घ्यायचात.

या विषयावर आपलं शेवटचं भांडण तुमच्याच ओट्यावर झालं होतं, समोर कांद्याच्या चाळीत माणसं कांदा निवडत होती. मी म्हटलं, तिवा आहे हे कळल्यावर ताप उतरायचं औषध द्या, सावलीत बसवा, पाणी पाजा आणि वाट बघा. तुम्ही तंबाखू मळता मळता हसलात.

"वाट कोण बघंल? तू?"

"मालक बघेल."

"मालकाला वाट बघायची आसती तर त्यानं मला कशाला बोलावलं आसतं? सुई टोचली नाय तर म्हणत्यात, डॉक्टर चहा प्यायला आल्ता का?"

"म्हणून टोचायची?"

तेव्हा तुम्ही हसायचे थांबलात. म्हणालात, "वैशे, माझ्याकं एक मोटारसायकल आन एवढी गावं. आज मी राहुडच्या घाटावर हाये, उद्या मी कुठं आसंल मलाच ठावं नाय. तिवा म्हणून सोडून आलो आन तो निमोनिया निघाला, तर ती गाय मरंल आन मला कळायचंबी नाय. मी उद्या परत येणार नाय, म्हणून टोचतो. तू एकदा तीन दिस गोठ्यात बसून दाखव, मंग बोल माझ्याशी."

मी त्यावर काहीतरी बोलणार होते. मामींनी जेवायला हाक मारली आणि ते राहिलं.

आता सांगते. तुमचं म्हणणं खोटं नव्हतं, पण ते अर्धं होतं. तुम्ही परत जाणार नव्हतात म्हणून टोचलेली सुई तिथेच संपत नाही मामा. ज्या जंतूंचा काही संबंध नव्हता, त्यांनाही तिची ओळख होते. बहुतेक थांबतात, पण काही निघतात वस्ताद. विहिरीतलं पाणी मोटर लावून उपसावं तसं ते औषध आत आलं की बाहेर उपसून टाकतात. आणि ही युक्ती ते शेजारच्या जंतूला देतात. तो त्यांच्या जातीचा नसला तरी देतात. आपली माणसं कधी इतकी उदार झाली नाहीत. मग ते शेणातून खतात जातात, खतातून शेतात, धार काढणाऱ्या हाताला लागून घरात येतात.

दुधाचंही तसंच. सुई टोचल्यावर काही दिवस दूध विकू नका, पिऊ नका, एवढं मालकाला सांगा म्हणून मी तुमच्या किती विनवण्या केल्या. तुम्ही म्हणायचात, "तसं सांगितलं तर पुढच्या टायमाला मला नाय, मेडिकलवाल्याला इचारत्याल." आणि कुठे तुम्ही सांगितलंच, तर ते दूध डेअरीला जायचं नाही एवढंच व्हायचं. ओतून कोण देणार? दूध ओतणं आपल्याकडे पाप. मग ते वासराला पाजायचं, नाहीतर घरच्या चहाला. तुमच्या स्वतःच्या घरात तेच चालायचं. मामी मला कौतुकाने सांगायच्या, "डेअरीला चालत नाय ना, मंग आज खीर केली." ती खीर मीही खाल्ली असेल. हसू की रडू मला कळत नाही, म्हणून मी रागावते.

आणि मी कुणाकुणावर रागवायचं? चिठ्ठीशिवाय बाटली काढून देणाऱ्या मेडिकलवर? डॉक्टर कमी आणि गावं फार अशी व्यवस्था चालवणाऱ्यांवर? सुईशिवाय समाधान न होणाऱ्या गावावर? ते सगळे आहेतच, त्यांच्यावर मी रोज रागावते, पगारच त्याचा घेते म्हणा. पण ते माझे मामा नाहीत.

माझे मामा तुम्ही. वडील म्हणाले होते, मुलीची जात आणि गुरांची डॉक्टरीण? शेणात हात घालून फिरणार, तिला करून कोण घेईल? तुम्ही आमच्या अंगणात उभे राहून त्यांना म्हणाला होतात, "दाजी, ती शेणात हात घालंल, तुमच्या डोक्यात नाय घालायची. जाऊ द्या तिला." वडिलांना हसू फुटलं आणि मी कॉलेजला गेले. तिथे मला पुस्तकातून जे शिकवलं त्याच्या आधी तुम्ही शिकवलं होतं. लाथेच्या कक्षेत उभं राहायचंच तर अगदी चिकटून राहायचं, लांबून लागते ती लाथ जोराची. गाईच्या अंगाला हात लावायच्या आधी तिच्याशी बोलायचं. आडव्या आलेल्या वासराचा पाय आत हाताने चाचपून पुढचा की मागचा हे ओळखायचं. मी पहिलं वासरू ओढलं तेव्हा तुम्ही माझ्या मागे उभे होतात आणि एका शब्दाने बोलला नाहीत, मी चुकत होते तेव्हाही नाही. वासरू बाहेर आल्यावर म्हणालात, "झालीस तू डॉक्टर. आता कॉलेजानं सई केली काय, न केली काय." हे सगळं तुमच्याकडून मिळालेलं असताना मी तुमच्याशी पिवळीवरून भांडायचे. भांडणारच. ज्याने चालायला शिकवलं तो खड्ड्याकडे निघाला तर दुसरं काय करणार?

आणि खड्डा तुम्हीच निवडलात. चांदीने तुमच्या पायावर पाय दिला. तुमची लाडकी गाय, तिचा काय दोष, तुम्ही दावं सोडत होतात आणि चिलटांनी ती उसळली. अंगठ्याजवळ कातडं निघालं. तुम्हाला साखर आहे हे तुम्हाला माहीत होतं, मामींना माहीत होतं, मी दर खेपेला ओरडत होते. तुम्ही काय केलंत? बॅग उघडलीत, पिवळी कापसावर ओतून जखमेवर बांधलीत, आणि तेवढ्याने भागलं नाही म्हणून स्वतःच्या मांडीत टोचून घेतलीत. गाईची सुई, गाईचं औषध, स्वतःच्या हाताने. मामी नको म्हणाल्या तर त्यांना म्हणालात, "गाईला चालतं ते मला चालंना का?" आणि मी आले त्या रविवारी तो पाय पायजम्याखाली लपवून बसलात. मी बसले होते तेवढा वेळ तुम्ही एकदाही उठला नाहीत. मला वाटलं, वय झालं.

नाशिकच्या हॉस्पिटलात नेलं तेव्हा विष रक्तात उतरलं होतं. तिथला डॉक्टर माझ्यापेक्षा लहान. त्याने विचारलं, "घरी आधी कुठलं अँटिबायोटिक घेतलं होतं का?" मी म्हटलं, हो, गाईचं. तो हसला नाही की चिडला नाही. "येतात आमच्याकडे असे," एवढंच म्हणाला. पुढे एका सकाळी त्याने मला बाजूला बोलावलं. जखमेतले जंतू प्रयोगशाळेत ताटलीत वाढवतात, त्यावर वेगवेगळ्या औषधांचे ठिपके ठेवतात आणि बघतात, कुठल्या ठिपक्याभोवती जंतू वाढायचे थांबले. मी हे कॉलेजात गाईच्या दुधावर शंभरदा केलंय. तो म्हणाला, "मॅडम, ठिपक्यांच्या अगदी कडेपर्यंत वाढ आहे. जवळजवळ सगळ्यांच्याच."

हे जंतू तुमच्या गोठ्यातले होते, की हॉस्पिटलातले, की माणसांच्या मेडिकलमधून खोकल्या-पडशाला खाल्लेल्या गोळ्यांनी तयार झालेले, हे त्याला सांगता आलं नाही. मलाही सांगता येणार नाही. तुमच्या पिवळीनेच तुम्हाला मारलं असं मी म्हणू शकत नाही. मला नीट रागावताही येत नाही, बघा.

मी तुमच्या खाटेशी आले. तुमचे डोळे मिटलेले होते, ओठ सुकले होते. माझी चाहूल लागल्यावर तुम्ही डोळे न उघडता विचारलंत, "काय म्हणतो गं डॉक्टर? आता कुठली उरलीय?"

त्याच आवाजात. मेडिकलच्या काउंटरवर कोपर टेकून उभे असल्यासारखं. मी तुमच्या कपाळावर हात ठेवला आणि काहीच बोलले नाही. त्यानंतर तुम्ही मला काही विचारलं नाहीत.

मग दहावा. भाषणं संपली, ओढ्याकाठी पिंड ठेवला, आणि कावळा शिवेना. बाभळीवर बसून राहिला. तुमचा दीपक मनमाडहून रजा टाकून आलेला, रेल्वेतल्या ड्युट्यांनी आधीच थकलेला, तो हात जोडून म्हणाला, आईला बघीन, घर मोडणार नाही, बहिणीला अंतर देणार नाही. कावळा हलेना. ऊन तापायला लागलं. भटजी घड्याळ बघायला लागले. तेव्हा कारभारी आबा पुढे आले. "त्याचा जीव गुरात आडाकलाय," म्हणाले. "वैशे, तू म्हण. मामा, गावाला पिवळी कमी पडू देणार न्हाय. म्हण एवढं, मंग शिवतो का न्हाय बघ."

सगळं गाव माझ्याकडे बघायला लागलं. मामींनी पदर तोंडाला लावला आणि म्हणाल्या, "म्हण गं बाई. म्हणायला काय जातंय?"

मी म्हटलं, "नाही म्हणणार."

कुजबुज झाली. दीपकदादाने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याच्या बापाला उपाशी ठेवतेय. मीही याच मातीतली आहे, तो कावळा उडून गेला असता तर मलाही झोप लागली नसती. पण तुमच्या नावाने ते वचन मी देणार नव्हते. मी पिंडाजवळ जाऊन एवढंच म्हटलं, "चांदीला मी बघीन. मामा, चांदीला मी बघीन."

थोड्या वेळाने कावळा आला. येतातच कधीतरी, भाताच्या गोळ्यावर किती वेळ रुसून बसतील? मी म्हटलं म्हणून आला असं मी मानत नाही. तुमच्या सुईने तिवा उतरायचा, त्यातलाच तो प्रकार. पण मामींनी माझा हात घट्ट धरला, तो मी सोडवून घेतला नाही.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चांदी बसली.

मी नाशिकला निघायच्या तयारीत होते. मामी गोठ्यातून पळत आल्या. चांदी थरथरत होती, लाळ गळत होती, मान पोटाकडे वळवून बसलेली. मी डाव्या कुशीत मूठ दाबली, कानाचं मूळ चाचपलं, फुफ्फुसं कान लावून ऐकली, खालून वरून, दोन्ही बाजूंनी. स्वच्छ होती. तिवा. तुमच्या चांदीला, तुमच्या दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी. मला वाटलं तुम्ही मुद्दाम केलंत.

कारभारी आबा आलेच. त्यांच्या पाठोपाठ गल्ली आली. मी ताप आणि वेदना कमी करायचं औषध दिलं. ते पांढरं, पाण्यासारखं. आबांनी सिरिंजकडे निरखून पाहिलं. "ही पांढरी हाये. पिवळी?"

"पिवळी लागत नाही याला."

"डिकीत हाये ना बॅग? का इकायला नेली?"

आबा घरी जाऊन बाटलीत काढा भरून घेऊन आले, चांदीचा जबडा धरून पाजायला लागले. मी त्यांच्या हातातून बाटली हिसकली. तिव्यात गाईला नीट गिळता येत नाही, पाजलेलं फुफ्फुसात उतरतं, आणि मग खराखुरा निमोनिया होतो. तेव्हा मात्र पिवळी लागली असती. हे मी त्यांना सांगितलं, आवाज चढवून सांगितलं. ते म्हणाले, "तुझा मामा आसता तर आत्तापोत्तर टोचून मोकळा झाला आसता." मामींनीही माझ्याकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात तेच होतं.

मी बसले मामा. तुम्ही म्हणाला होतात तशी. दवाखान्यात रजा कळवली आणि तुमच्या गोठ्यात पोतं टाकून बसले. चांदीला कूस बदलून द्यायची, खाली भुसा लोटायचा, बादली तोंडाजवळ धरून ती स्वतःहून पिईल तेवढं पाणी पिऊ द्यायचं, पुन्हा पुन्हा फुफ्फुसं ऐकायची. फोन वाजत होता. कुठे वार अडकलेली, कुठे शेळ्या फुगलेल्या. मी प्रत्येकाला सांगत होते, आज येता येणार नाही, आणि मला दिसत होतं की फोन ठेवून तो माणूस मेडिकलकडे निघालाय. तुमचा मुद्दा मला तिथे पोत्यावर बसून पुरता कळला. ही तुमची गाय होती म्हणून मला बसता आलं. कारभारी आबांच्या गाईसाठी मी बसले नसते. सरकारने मला त्यासाठी ठेवलेलं नाही, आणि ज्यासाठी ठेवलंय तेवढ्याला मी पुरत नाही. तुमच्यावरचा राग अर्धा झाला. उरलेला अर्धा गेला नाही, तसं वाटून घेऊ नका. तुम्ही सगळ्या गाईंसाठी बसू शकत नव्हतात, कबूल. पण घरच्या गाईसाठी, घरच्या पायासाठी तरी बसायचं होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ताप उतरला, तरी चांदी उठेना, आणि मी घाबरले. बॅग डिकीत होती. किल्ली माझ्या कमरेला होती. मी गोठ्याच्या दारापर्यंत जाऊन परत आले आणि पुन्हा छातीला कान लावला. स्वच्छ. म्हणून टोचली नाही. तुम्हाला रोज काय वाटत असेल ते मला तेव्हा कळलं.

तेराव्याच्या दिवशी घरात गोड जेवण होतं. पुरणाचा वास गोठ्यापर्यंत येत होता. पंगत बसायच्या सुमारास चांदीने पुढचे गुडघे टेकले, मागचा भाग उचलला, एकदा कोसळली, आणि दुसऱ्या खेपेला उभी राहिली. मामी हातातली वाढायची पळी तशीच घेऊन धावत आल्या. चांदीच्या मानेला मिठी मारून त्या रडल्या, तुमच्यासाठी इतक्या दिवसांत रडल्या नव्हत्या इतक्या. मग डोळे पुसून मला म्हणाल्या, "त्यांनी बघाया पाहिजे होतं."

आबा पंगतीतून उठून आले. "टोचलीस ना शेवटी?"

"नाही आबा."

"मंग उठली कशी?"

"तिची ती उठली."

त्यांनी चांदीभोवती एक चक्कर मारली, तिच्या मांडीवर सुईची खूण शोधली, आणि हात धुवत म्हणाले, "ती पांढरी लय भारी हाये. नाव लिहून दे मला तिचं." दुपारपर्यंत गावात झालं होतं, वैशीकडे नवी पांढरी सुई आलीय, आणि पोरीच्या हाताला मामाचा गुण उतरलाय. मी ओट्यावर बसून डोक्याला हात लावला. मग मला हसू आलं. तुम्ही असता तर तंबाखू थुंकून हसला असता आणि म्हणाला असता, "बोल आता डॉक्टरीणबाई. समजाव."

समजावते. रोज समजावणार आहे. तुमच्यासारखं सोपं काम मला मिळालेलं नाही.

निघताना मी डिकी उघडून तुमची बॅग पाहिली. अर्धवट वापरलेल्या बाटल्या बाजूला काढल्या, त्या नीट नष्ट करीन. एक मात्र सीलबंद होती. एका बाटलीने जगात काही वाचत नाही हे मला कळतं. तरी ती मी परत बॅगेत ठेवली, बॅगेला छोटं कुलूप लावून ती तुमच्या खुंटीला टांगली, आणि कुलपाची किल्ली मामींकडे दिली. मला विचारल्याशिवाय कुणाला द्यायची नाही, आबांना तर नाहीच, असं सांगितलं. मामींनी किल्ली मंगळसूत्राच्या जागी आता जो काळा दोरा आहे, त्यात ओवली.

तुम्ही हॉस्पिटलात विचारलं होतंत, आता कुठली उरलीय. तुमच्यासाठी कुठलीच उरली नव्हती मामा, म्हणून मी बोलले नाही. चांदीसाठी एक उरलीय. तिला ज्या दिवशी खरंच लागेल, त्या दिवसासाठी राखून ठेवलीय.